कुंदा, आपल्या बालवाडीचा दिवस

कुंदा,

सोमवारी वर्ग पुन्हा उघडला. देवळाच्या मंडळाचे नाना म्हणाले होते, "बाय, अजून आठवडाभर बंद ठेव. घाई नाय." मी नको म्हणाले. घरी बसून तरी मी काय करणार होते? देवळाच्या बाजूचं दार उघडलं, पंखे लावले, लांब सतरंजी काढली. ती सतरंजी एकटीने अंथरायला किती वेळ लागतो हे मला ठाऊकच नव्हतं. एक टोक सरळ केलं की दुसरं वाकडं व्हायचं. शेवटी तशीच वाकडी राहू दिली.

मुलं आली, चपला काढल्या, फुलं निवडली, गोलात उभी राहिली. मी दिवा लावला. दिवा लागला की पहिला सूर तू धरायचीस. मुलं थांबली. मीसुद्धा थांबले. माहीत असूनही थांबले. पुजारीकाका गाभाऱ्यातून डोकावून बघायला लागले, तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. माझी पट्टी तुझ्यापेक्षा खालची. मुलांनी जरा गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि मग ती तुझ्याच पट्टीत गायला लागली. मला एवढं वर जाता येईना, म्हणून मी नुसते ओठ हलवत राहिले.

देवळाच्या फळ्यावर लावायला तुझी माहिती तुझ्या दिरांनी लिहून दिली आहे. जन्म, शिक्षण, बालवाडीची सेवा, मागे कोण कोण. सगळं बरोबर लिहिलंय. तिथे उभी राहून मी ते दोनदा वाचलं आणि मला तुझा राग आला. का, ते कळलं नाही. म्हणून हे तुलाच लिहिते आहे.

आपली ओळखच भांडणाने झाली. देवळाच्या मंडळाने सभामंडपात बालवाडी सुरू करायची ठरवली आणि आपल्या दोघींना बोलावलं. तू सारसोळ्याचीच, कोळ्यांच्या घरातली. नेरुळमधल्या एका इंग्रजी नर्सरीत काही वर्षं शिकवून बाहेर पडलेली. मी साताऱ्याकडची. नवरा मार्केटमध्ये कामाला म्हणून इथे आले होते आणि या सेक्टरांच्या गावात मला अजून दिशा कळत नव्हत्या. बालवाडीचा कोर्स मात्र मी चांगल्या मार्कांनी केला होता. पहिल्याच दिवशी मी वेळापत्रक करून आणलं होतं, रंगीत स्केचपेनने चौकटी आखून. प्रार्थना, स्तोत्र, अक्षरं, अंक, बडबडगीतं, शेवटी खेळ. तू ते बराच वेळ बघितलंस.

"सुषमा, यात पोरं बसलीत. मग परत बसलीत. मग अजून बसलीत. उठतात कधी गो?"

"शेवटी खेळायला वेळ ठेवलाय ना."

"शेवटी? तवर ती मना चावतील."

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. वर्गात, पालकांसमोर तू स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचीस. माझ्याशी भांडताना मात्र गावची बोली बाहेर पडायची. पुढे पुढे मला कळलं की तू शुद्ध बोलायला लागलीस तर काळजी करायची, बोलीत भांडते आहेस तोवर सगळं ठीक आहे.

तुझं म्हणणं असं की लहान मुलांचा दिवस खाडीच्या पाण्यासारखा असला पाहिजे. पाणी आत येतं, बाहेर जातं. मुलं जवळ यावीत, मग पांगावीत, मग पुन्हा जवळ यावीत. सारखी आतच ठेवली तर कुजतील, सारखी बाहेर ठेवली तर हरवतील. ऐकायला छान होतं. पण तू म्हणालीस, मुलं आल्याआल्या अंगणात सोडायची, दमली की देवापुढे आणायची. आपण तसं करून बघितलं. आठवतंय? पहिल्याच आठवड्यात एक जण तुळशीवृंदावनावर चढला, दोघी शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठीला लोंबकळल्या आणि ती काठी खाली आली. बाकीची प्रार्थनेला आली ती धापा टाकत, पाणी मागत. एक तर हात जोडलेले तसेच ठेवून उभ्याउभ्या डुलायला लागला. तू कपाळाला हात लावून माझ्याकडे बघितलंस.

"हरले गो. तू सांग आता."

मी सांगितलं. आल्यावर आधी हाताला काम द्यायचं. फुलं निवडायची, दूर्वा सोलायच्या, छोट्या केरसुण्यांनी देवापुढचं झाडायचं. मग उभ्यानेच, छोटी प्रार्थना. आणि मग बाहेर. तू ऐकत होतीस. "छोटी म्हंजे किती?" विचारलंस. मी स्तोत्र म्हणून दाखवलं. तू म्हणालीस, "ही पोरं अजून 'र' बोलत नायत, आनि तू त्यांना संस्कृत घालनार?" स्तोत्र गेलं, दोन ओळींचं गाणं आलं. असाच आपला दिवस एकेक तुकडा जोडून तयार झाला. बाहेरून आली की हातपाय धुणं, मग खाऊ, खाऊच्या आधी श्लोक, मग पडदे ओढून आडवं होणं, मग गोष्ट, मग प्रसादाचे साखरफुटाणे मुठीत घेऊन घर. पुढे कुठला तुकडा कोणाचा हे आपण विसरूनही गेलो. अंगणात जाताना मुलांनी एकामागे एक धरायची ती दोरीची माळ माझी की तुझी, यावरून मागच्या वर्षी आपण वाद घातला होता आणि दोघीही ठामपणे म्हणत होतो, "तुझीच."

वारांची कल्पना मात्र नक्की तुझी. सोमवारी बेल, मंगळवारी दूर्वा, गुरुवारी पिवळी शेवंती, शुक्रवारी गावदेवीला गजरा, शनिवारी मारुतीला रुईची पानं. मुलांना वारांची नावं शिकवायची नाहीत, ती हाताला कळू द्यायची. मला हे पटलं नव्हतं. मग एका आईने येऊन सांगितलं की तिची मुलगी सकाळी हट्ट करून पिवळा फ्रॉक घालते आणि म्हणते, आज पिवळ्या फुलांचा वार. तू मला टोमणा मारला नाहीस. फक्त दिवसभर गुणगुणत राहिलीस. तेच जास्त त्रासदायक होतं.

"देव शिकवायचा नाय गो," तू म्हणायचीस, "सवयीचा व्हायला पायजे. घरात म्हातारा आजोबा बसलेला असतो ना, तसा. पोरं येतात जातात, मधीच त्याच्या मांडीवर बसतात. त्याला कोन पाठ करतं का?" मी गुरुवार करणारी, पोथी वाचणारी. तू वर्षातले मोजके दिवस सोडले तर मासळी खाणारी, उपास न करणारी. पण देवापुढे उभी राहिलीस की तुझा चेहरा असा मोकळा व्हायचा की मला हेवा वाटायचा. हे तुला सांगायचं राहिलं.

आणि ती शांतता! गाणं संपल्यावर तुला थोडा वेळ काहीच नको असायचं. शब्द नाही, सूचना नाही. "देवाला पन पोरांचं ऐकू दे जरा." मी म्हणायचे, तीन वर्षांच्या मुलांना शांतता जमत नाही. तू म्हणायचीस, जमते. त्या शांततेत कोणाला तरी हमखास खोकला यायचा, कोणी तरी शेजारणीची वेणी ओढायची. मी तुला सुनावलं होतं, "कुंदा, ही शांतता नाही, ही गोंधळाची तयारी आहे." पण मधूनच एखाद्या दिवशी ती खरंच उतरायची. पंख्याची घरघर ऐकू यायची, शिखरावरची कबुतरं ऐकू यायची आणि सगळी मुलं गप्प असायची. तेव्हा तू डोळे मिटलेले ठेवून एकच डोळा उघडायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी म्हणायचे, योगायोग. तू म्हणायचीस, सवय. हे काही मिटलं नाही आपलं.

नाना प्रकरण तर मी साताऱ्याला जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं. सेक्टरा-सेक्टरात भिंतीवर कार्टून काढलेल्या नर्सऱ्या निघाल्या होत्या आणि आपली मुलं कमी व्हायला लागली होती. मंडळातली काही माणसं म्हणत होती, बालवाडी बंद करा, सभामंडप साखरपुडे-हळदींना द्या. नाना अध्यक्ष. देवळावर जीव, पण चार लोकांचं ऐकणारे. ते येऊन म्हणाले, "बाय, उत्सवात स्टेजवर पोरांना मोठं स्तोत्र बोलाला लावा. लोकांना दिसायला पायजे पोरं काय शिकतात ते. मग मी सांगतो मंडळाला." मला ते योग्य वाटलं. एक स्तोत्र, त्यात काय? बालवाडी तरी वाचेल. तू नाही म्हणालीस. स्तोत्र पाठ करायचं म्हणजे महिनाभर दिवस मोडणार, मुलं बसणार, रडणार, आणि देव म्हणजे पाठांतर असं त्यांच्या डोक्यात बसणार. मी म्हणाले, बालवाडीच राहिली नाही तर दिवस कुठला? दोन दिवस आपण फक्त मुलांसमोर, कामापुरतंच बोललो.

मग तू नानांना सांगितलंस, "नाना, एकदा येऊन बसा. सकाळपासून पोरं जाईपर्यंत. मग तुम्ही बोलाल ते करू."

नाना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. तू त्यांना खुर्ची दिली नाहीस, सतरंजीवर बसवलंस. आणि त्या दिवशी नेमकं सगळं बिघडलं. प्रार्थनेला विराजने भोकाड पसरलं ते थांबेना. चवळीच्या उसळीचा टोप कलंडला. बाहेर दोन मुलींची मारामारी झाली. नाना मोबाइल बघत होते आणि मी मनात म्हणत होते, संपलं. मग पडदे ओढले. मुलं आडवी झाली. तू मध्ये बसून बिनशब्दांचं ते तुझं गुणगुणणं सुरू केलंस. नानांची पाठ दुखत होती म्हणून ते जरा टेकले. थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज आला. आधी मुलं तोंडावर हात ठेवून हसली, मग तीही एकेक करून झोपली. जागी झाली तरी नाना झोपलेलेच. त्या दिवशी गोष्ट तू कुजबुजत सांगितलीस, आणि मुलांनी प्रश्नसुद्धा कुजबुजत विचारले, नाना उठू नयेत म्हणून.

उठले तेव्हा त्यांच्या गालावर सतरंजीची नक्षी उमटली होती. ओशाळून म्हणाले, "लय वर्सांनी अशी झोप लागली बाय." उत्सवात मुलं स्टेजवर गेली नाहीत. ओळीने येऊन प्रत्येकाने गावदेवीला आपापलं फूल वाहिलं, तेवढंच. सभामंडपाचा विषय पुन्हा निघाला नाही. तू जिंकलीस असं सगळे म्हणतात. मला अजूनही वाटतं, एखादं छोटं स्तोत्र चाललं असतं.

आणि ईश्वरी. तिच्याबद्दल आपण शेवटपर्यंत नीट बोललोच नाही.

ईश्वरीचे आईवडील दोघेही कामावर जायचे, आजीच तिला सांभाळायची, सोडायला यायची, न्यायला यायची. आजी गेली. घरी सगळ्यांनी सांगितलं, आजी देवाघरी गेली. कोणीही हेच सांगेल. ईश्वरी परत वर्गात आली त्या सकाळी प्रार्थना सुरू असताना गोलातून निघाली, सरळ गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेली आणि मूर्तीच्या मागे वाकून बघायला लागली. मग पुजारीकाकांना म्हणाली, "माझ्या आजीला बोलवा ना." काकांनी आपल्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्यानंतर ती खेळायला बाहेर येईना. उंबऱ्यापाशी बसून राहायची. आपण बाहेर गेलो आणि नेमकी तेव्हाच आजी आली तर, अशी तिला भीती. मी म्हणाले, राहू दे, थोड्या दिवसांनी विसरेल. देवाघर हा केवढा आधार आहे, तो कशाला काढायचा?

"अगो, बाकीच्या पोरांचं देवाघर लांब कुठंतरी असतं. हिच्या समोर हाय. दार पन उघडं हाय. ही वाट बगनारच."

दुसऱ्या दिवशी मुलं बाहेर खेळत असताना तू तिच्याजवळ उंबऱ्यावर जाऊन बसलीस. मी दारात उभी होते, मला ऐकू येत होतं. तू म्हणालीस, "ईश्वरी, आजी मेली. म्हणून ती इथे नाही. ती आता येणार नाही. तुला तिची आठवण येते ना, मलाही येते." अगदी स्वच्छ मराठीत. तिने तुला मारलं. मग रडली. खाऊची वेळ झाली, बाकीची मुलं खाऊन झोपली, ती तुझ्या मांडीवर हुंदके देतच होती. तुझा हात तिच्या पाठीवर एका लयीत फिरत होता आणि मी रागारागाने पोह्यांच्या ताटल्या गोळा करत होते.

मुलं गेल्यावर मी म्हणाले, "तू तिचा देव काढून घेतलास."

"नाय गो. देव होता तिथंच हाय. मी फक्त आजीला तिथून काढली."

तिचे वडील येऊन खूप बोलले. ताई, एवढ्याशा पोरीला असं सांगतात का, तुम्हाला काही वाटतं का? तू सगळं ऐकून घेतलंस. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, त्याबद्दल माफ करा, म्हणालीस. जे सांगितलं त्याबद्दल माफी मागितली नाहीस. त्या आठवड्यात कधीतरी ईश्वरी बाहेर आली, केरसुणी हातात घेऊन, दोरीच्या माळेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली. तू माझ्याकडे बघितलंससुद्धा नाहीस. तुझ्या जागी मी असते तर नक्की बघितलं असतं.

गणपतीनंतर तुझं पोट दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून तू जिरं चघळत राहिलीस. नवरात्रात तपासण्या झाल्या. डॉक्टर जे बोलले ते तुझ्या नवऱ्याशी, बाहेर, व्हरांड्यात. त्याने ते मला फोनवर सांगितलं आणि म्हणाला, तिला माहीत आहे की नाही ते मला माहीत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी रोज दुपारी सारसोळ्याला यायचे. तुझ्या सासूबाई ओटीवर बसलेल्या असायच्या. मी गुरुवारी आले तरी विचारायच्या, "जेवलीस का गो?" आणि मग स्वतःच म्हणायच्या, "तुजा उपास नाय का, इसरलेच." तू खिडकीशी कॉटवर असायचीस. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या काढून ठेवल्या होत्यास. मी तब्येतीचं विचारलं की तू म्हणायचीस, "ते सोड. पुढच्या सत्राचं ठरवूया."

दिवाळीनंतर नवी मुलं येणार होती, त्यातली काही आईला कधीच न सोडलेली. आपण दिवस पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतला. तू डोळे मिटून बोलायचीस, मी लिहून घ्यायचे.

"फुलं निवडायची जागा दारातच घे. म्हंजे येनारी पोरं आनि रडनारी पोरं, दोन्ही तुला तिथूनच दिसतील."

"बरं."

"रडनाऱ्या पोराला दूर्वा सोलायला दे. बारीक काम असलं की रडनं कमी होतं. पानी आधीच भरून ठेव, मधी उठू नको. बाहेर नेताना पुढं तू राहू नको, मागं राहा. दोरीचं पुढचं टोक मोठ्या पोरीच्या हातात दे."

"मग पुढे तू..." असं म्हणायला मी मान वर केली आणि थांबले. तू प्रत्येक वाक्यात मला 'तू' म्हणत होतीस. तू कर, तू ठेव, तू उठू नको. इतकी वर्षं तू 'आपण' म्हणत आली होतीस. तू एकटीला झेपेल असा दिवस बांधत होतीस. किती दिवसांपासून बांधत होतीस कुणास ठाऊक. मी लिहिलेलं मागे उलटून बघितलं. सगळीकडे एकच बाई होती.

मी पेन खाली ठेवलं. "आणि तेव्हा तू कुठे असणार आहेस?"

तू खिडकीबाहेर बघितलंस. बाहेर कोणीतरी जाळं दुरुस्त करत होतं, त्याच्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मी आहे ना. पण समज, एखाद्या दिवशी नसले तर अडायला नको."

आहे, म्हणालीस. हाय नाही.

एवढ्याशा पोरीला उंबऱ्यावर बसून स्पष्ट सांगणारी तू, मला 'एखाद्या दिवशी' म्हणालीस. आणि गोड शब्दांची बाजू घेऊन तुझ्याशी भांडणारी मी, त्या दुपारी मला तुझ्या तोंडून सरळ ऐकायचं होतं. विचारता आलं असतं. कुंदा, तू मरणार आहेस का, एवढंच. तू खोटं बोलली नसतीस. मग कदाचित आपण दोघी रडलो असतो, मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला असता. मी विचारलं, "दोरी केवढी घ्यायची?"

तू हसलीस. म्हणालीस, "देवळाच्या खांबापासून वडापर्यंत पुरेल एवढी."

सुट्टी संपायच्या आतच तू गेलीस. सोमवारी मुलांना काय सांगायचं, हे मी रिक्षात बसून ठरवत होते आणि ठरत नव्हतं. पोहे वाढताना विराजने विचारलं, "कुंदाताई कधी येणार?"

"कुंदाताई वारल्या," मी म्हणाले.

"म्हणजे?"

हा शब्द मोठ्यांचा आहे, त्यांना कसा कळणार? सगळी माझ्याकडे बघत होती. डाव माझ्या हातात होता आणि त्याच्यातून पोहे सांडत होते. "मेल्या," मी म्हणाले. "त्या आता येणार नाहीत." मग माझ्याच्याने राहवेना आणि मी पुढे म्हणाले, "मला वाटतं, त्या देवाजवळ आहेत. पण इथल्या देवळात नाही. इथे शोधायचं नाही." तू असतीस तर या देवाजवळच्या वाक्यावर वाद घातला असतास. घाल. मी मागे घेणार नाही.

मग विराज म्हणाला, "मग लिंबू कोण पिळणार?"

"मी."

"सगळ्यांच्यावर?"

"सगळ्यांच्यावर."

त्याने ताटली पुढे केली. मी लिंबू पिळलं. पडदे ओढले, मुलं आडवी झाली. मला तुझ्यासारखं गुणगुणता येत नाही, मी साताऱ्याकडची एक ओवी म्हटली, माझ्या आईची. तेवढ्यावरही ती झोपली. दिवस चालला, कुंदा. तू बांधलास तसा तो एकटीने चालतो. पाणी आधी भरून ठेवलं होतं. मी मधे उठले नाही. हे तुझं देणं आहे आणि ते मी जन्मभर डोक्यावर वागवीन. या शहरात मला कोणी ओळखत नव्हतं तेव्हा तू मला तुझ्या घरी नेलंस, मासळी खाणाऱ्या घरात माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवलंस, माझ्या साताऱ्याच्या हेलाची नक्कल करून मला हसवलंस. पण खरं सांगू? दिवस चालला याचं मला समाधान व्हायला हवं होतं आणि मला वाटत होतं, तो अडायला हवा होता. तू नाहीस म्हणून काहीतरी तर अडायला हवं होतं.

मंडळाने दुसऱ्या बाईंची व्यवस्था केली आहे. कामोठ्याहून येणार आहे, वयाने लहान आहे. परवा बघायला आली होती. गोलात उभी राहिली, प्रार्थना ऐकली, नंतर मला म्हणाली, "मॅडम, प्रार्थना जाताना घेतली तर? सकाळी मुलं झोपेत असतात." मी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की देव सवयीचा व्हायला पाहिजे ही तुझीच बाजू मी मांडते आहे, जी मी तुझ्यापुढे कधीच मान्य केली नव्हती. शांततेबद्दलसुद्धा. मी तिला सांगत होते की ती जमते.

काल शेवटचं मूल गेल्यावर मी दाराशी आले. ईश्वरीला न्यायला तिचे वडील आले होते, त्यांनी मला हात जोडले आणि तिला घेऊन गेले. मग मी सतरंजी गुंडाळली, केरसुण्या उभ्या केल्या आणि पायरीवर बसले. यानंतर तू समोरच्या टपरीवर खूण करायचीस, दोन कटिंग यायचे, आपण पाय पसरून बसायचो आणि दिवसभराचं सगळं एकमेकींना परत सांगायचो, दोघींनी तेच बघितलेलं असूनही. उन्हं कलेपर्यंत. घरी जायची घाई असायची आणि आपण उठत नव्हतो.

टपरीवाल्याने काल मला बघितलं. किती पाठवू, असं त्याने हातानेच विचारलं. मला बोटं वर करता आली नाहीत. तो थोडा वेळ थांबला आणि गिऱ्हाईकाकडे वळला.

सकाळी दार उघडण्यापासून मुठीत साखरफुटाणे देईपर्यंत सगळं तू मला सांगून ठेवलंस, कुंदा. मुलं गेल्यानंतर मी काय करायचं, ते तेवढं आपण ठरवलं नाही.